नूतनीकरणातील गळती : समाजकल्याण विभागासोबतच्या धोरण-डिझाइन प्रकल्पाच्या नोंदी

९ जानेवारी

आमच्या विद्यार्थी गटाची समाजकल्याण विभागाबरोबरची पहिली बैठक आज पार पडली. दिव्यांग व्यक्तींना मिळणाऱ्या मासिक अर्थसाहाय्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते आणि त्या टप्प्यावर बरेच लाभार्थी यादीतून गळतात, ही विभागाने मांडलेली अडचण आहे. आमच्या हाती आलेले काम मात्र एका ओळीत मावणारे होते : नूतनीकरणाचा अर्ज सोपा करून द्यावा. अर्ज किचकट आहे यात शंका नाही. पण गळणारे सगळे अर्जापाशीच अडतात, असे गृहीत धरायला आज तरी काही आधार नाही. म्हणून आम्ही विनंती केली की सुरुवातीचे काही आठवडे अर्जाला हात न लावता नूतनीकरणाची संपूर्ण वाट आम्हाला पाहू द्यावी, म्हणजे पत्र निघण्यापासून खात्यात पैसे जमा होईपर्यंत आणि कार्यालयाच्या खिडकीच्या दोन्ही बाजूंनी. विभागाच्या उपसंचालक बाईंनी ती मान्य केली.

ब्रिटनच्या डिझाइन काउन्सिलने रूढ केलेल्या ‘डबल डायमंड’ या मांडणीत प्रश्न ओळखणे आणि उत्तर घडवणे ही दोन वेगळी कामे मानली आहेत. सरकारी प्रकल्पात पहिल्या कामासाठी वेळ मागूनच घ्यावा लागतो, कारण प्रश्न विभागाने आधीच ठरवलेला असतो आणि त्या ठरवण्यातच एक उत्तरही गृहीत धरलेले असते.

सहकार्याच्या अटी लेखी ठरल्या. संपर्क अधिकारी निर्णय घेऊ शकेल अशा पदावरचा असावा, लाभार्थींची व्यक्तिगत माहिती विभागाबाहेर जाऊ नये, आणि निष्कर्ष विभागाला अडचणीचे वाटले तरी ते अहवालातून वगळले जाऊ नयेत. तिसऱ्या अटीवर चर्चा लांबली, पण अट कायम राहिली.

१५ जानेवारी

मुलाखतींच्या संमतीपत्राचा मसुदा पक्का केला. ज्या व्यक्तीचा महिन्याचा खर्च याच विभागाच्या पैशांवर चालतो, ती व्यक्ती विभागाच्या ओळखीने आलेल्या विद्यार्थ्याला मोकळेपणाने नकार देऊ शकेल का, हा प्रश्न आम्हाला या संपूर्ण अभ्यासातला सर्वांत नाजूक प्रश्न वाटतो. त्यामुळे मुलाखती कार्यालयात घ्यायच्या नाहीत, नावे अधिकाऱ्यांकडून न घेता दिव्यांगांच्या संघटनांमार्फत मिळवायची आणि कोणी नकार दिल्यास त्याची नोंद कुठेही ठेवायची नाही, असे ठरले. संमतीपत्र प्रत्येकाला वाचून दाखवले जाईल. ब्रेल प्रत आणि सांकेतिक भाषेचा दुभाषी यांची सोय आधीच केली आहे.

मुलाखतींमध्ये निम्म्याहून अधिक व्यक्ती यादीतून गळलेल्या असाव्यात, असा आमचा आग्रह आहे. खिडकीसमोर रांगेत भेटणारे लोक हे आतापर्यंत टिकून राहिलेले लोक असतात. त्यांच्याशीच बोलून समाधान मानले, तर ज्यांच्यासाठी हा प्रकल्प आहे ते पुन्हा एकदा मोजणीबाहेर राहतील.

२३ जानेवारी

मुलाखतींची पहिली फेरी संपली. जवळजवळ प्रत्येकाने विभागाचे पत्र जपून ठेवलेले होते, म्हणून ते पत्र आज आम्ही ओळीओळीने वाचले.

पत्र एका कागदावर पाठपोट छापलेले आहे. सर्वांत वर जावक क्रमांक, त्याखाली ‘नूतनीकरणाबाबत’ एवढाच विषय आणि मग संदर्भ म्हणून परिपत्रकांची उतरंड. पहिल्या परिच्छेदात नियमांची कलमे आहेत. लाभार्थीने काय करायचे ते मागच्या बाजूला, तिसऱ्या मुद्द्यात येते आणि मुदत दिली आहे ती ‘पत्राच्या दिनांकापासून तीस दिवसांच्या आत’ अशी. पत्राचा दिनांक पुष्कळ प्रतींवर कार्यालयाच्या गोल शिक्क्याखाली दबून गेला आहे. मुदत चुकल्यास साहाय्य थांबेल, हे वाक्य शेवटून दुसरे आहे.

दृष्टिहीन लाभार्थींना हे पत्र दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावे लागते. वाचणारा साहजिकच पहिला परिच्छेद वाचतो आणि सरकारी माहितीचे काहीतरी आले आहे, असे सांगून पत्र परत देतो. गुडघ्यावरून पाय काढावा लागलेल्या एका आजींनी हेच पत्र वैद्यकीय प्रमाणपत्राबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवले होते. प्रमाणपत्रावर ‘कायमस्वरूपी’ असा स्पष्ट शेरा आहे. त्यांनी आम्हाला विचारले की शेरा कायमचा असेल तर दरवर्षी नवे प्रमाणपत्र कशासाठी आणायचे. या प्रश्नाचे उत्तर शोधणे आता आमच्या कामाच्या यादीत सर्वांत वर आहे.

३० जानेवारी

विभागाच्या एका उपकार्यालयात, नूतनीकरणाच्या टेबलाशेजारी बसण्याची परवानगी मिळाली. हे टेबल सांभाळणाऱ्या कारकून बाईंनी आमच्यापासून काही लपवले नाही, याचे मोल मोठे आहे.

त्यांच्या खणात लांब, रुळांची एक वही आहे आणि ती सरकारी नोंदींचा भाग नाही. तिच्यात त्यांनी शिसपेन्सिलीने लाभार्थीचे नाव, शेजाऱ्याचा किंवा नातेवाइकाचा फोन नंबर आणि त्यापुढे एखादी खूण अशा नोंदी ठेवल्या आहेत : पत्ता बदलला, घरात वाचणारे कोणी नाही, प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळाची तारीख मिळाली नाही. मुदत संपण्याच्या आठवड्यात त्या या वहीतून एकेकाला फोन करतात. हे काम त्यांना कोणी नेमून दिलेले नाही आणि त्यांची बदली झाली की वहीही त्यांच्याबरोबर जाईल.

संगणकावरच्या प्रणालीत याच माणसांसाठी एकच पर्याय आहे : ‘बंद – नूतनीकरण नाही’. लाभार्थी मरण पावला, दुसरीकडे राहायला गेला, पात्र राहिला नाही, कागद आणू शकला नाही किंवा त्याला पत्रच मिळाले नाही, तरी नोंद तीच. गळलेल्यांपैकी पात्र किती, हे विभागाला म्हणूनच सांगता येत नाही. वहीत असलेली माहिती प्रणालीत शिरायला जागाच नाही. लोक बेफिकीर असतात म्हणून गळतात, हे कार्यालयात सहज ऐकू येणारे मत याच रिकाम्या जागेत वाढले आहे, असे आम्हाला वाटते.

६ फेब्रुवारी

भिंतीवर संपूर्ण सेवेचा आराखडा लावला. लिन शोस्टॅक यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार मधोमध एक रेघ ओढली : रेघेच्या वर लाभार्थीला दिसणारे सगळे, खाली त्याला न दिसणारे सगळे. ही पद्धत व्यापारी सेवांसाठी निघाली असली तरी सरकारी कार्यालयात ती अधिक उपयोगी पडते, कारण तिथे रेघेखालच्या पायऱ्या एकाच छताखाली नसतात.

आराखडा पूर्ण होताच एक गोष्ट उघड झाली. वैद्यकीय मंडळ ठरावीक वारीच बसते आणि त्याची तारीख आधी घ्यावी लागते. पत्रे सगळ्यांना एकाच आठवड्यात जातात, त्यामुळे तारखेसाठी सगळे एकदमच येतात आणि रांगेत मागे पडलेल्यांना मिळणारी तारीख तीस दिवसांच्या पलीकडची असते. अशा व्यक्तीने पत्र पहिल्याच दिवशी वाचले, समजून घेतले आणि त्याच दिवशी धावपळ सुरू केली, तरीही तिला मुदत पाळता येत नाही. अर्ज कितीही सोपा केला तरी या माणसाला त्याचा काडीचाही उपयोग नाही. मुदत समाजकल्याण विभागाची, मंडळ आरोग्य विभागाचे आणि दोघांच्या वेळापत्रकांची गाठ लाभार्थीच्या घरातच पडते.

१२ फेब्रुवारी

आजींच्या प्रश्नाचे उत्तर अभिलेख कक्षातल्या एका जुन्या फाइलीत सापडले. मूळ नियमांत दरवर्षी प्रमाणपत्र देण्याची अट नव्हती. मृत लाभार्थींच्या नावे काही काळ रकमा जात राहिल्याचा आक्षेप लेखापरीक्षणात निघाला आणि त्यावर कार्यवाही म्हणून ‘चालू वर्षाचे वैद्यकीय प्रमाणपत्र’ ही अट परिपत्रकाने घालण्यात आली. फाइलीतल्या टिपण्या क्रमाने वाचल्या तर विचार कुठे वळला ते दिसते. लाभार्थी हयात आहे का, ही काळजी होती. त्यावर योजलेला उपाय लाभार्थी अजून दिव्यांग आहे का, ते तपासतो. जो माणूस नवे प्रमाणपत्र आणतो तो हयात असणारच, एवढाच त्या दोहोंमधला दुवा आहे, आणि तेवढ्यासाठी दरवर्षी प्रत्येकाला मंडळापुढे उभे केले जाते.

आमच्या दृष्टीने हा या प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा शोध आहे. सरकारी नियमातली जाचक अट सहसा कोणाच्या दुष्टपणातून येत नाही. तिच्या मुळाशी कोणत्यातरी अधिकाऱ्याची खरी काळजी असते. ती काळजी कोणती हे न शोधता अट काढा म्हटले तर कोणी ऐकणार नाही, आणि ऐकले तरी पुढच्या आक्षेपाबरोबर ती परत येईल. यापुढे प्रत्येक अटीसमोर ‘ही कोणत्या काळजीवरचा उपाय आहे’ असा रकाना ठेवून आम्ही काम करणार आहोत.

पामेला हर्ड आणि डोनाल्ड मॉयनिहन या अभ्यासकांनी प्रशासकीय भाराचे तीन भाग सांगितले आहेत : माहिती मिळवण्याचे कष्ट, अटी पूर्ण करण्याचे कष्ट आणि मनावर पडणारा ताण. आमच्या मुलाखतींत तिन्ही आहेत, पण पारडे दुसऱ्याकडे झुकते. अमेरिकेतील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात करविवरणपत्र भरायला आलेल्या कुटुंबांना उच्च शिक्षणासाठीच्या सरकारी अर्थसाहाय्याचा अर्ज तिथल्या तिथे भरून देण्यात आला. मदत मिळालेल्या कुटुंबांतील बारावीच्या मुलांमध्ये पुढे तीन वर्षांत महाविद्यालयाची दोन वर्षे पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले, तर ज्यांना केवळ माहिती देण्यात आली त्यांच्यात फरक दिसला नाही. जनजागृतीच्या भित्तिपत्रकांची सूचना विभागातून पुन्हा पुन्हा येते, तेव्हा हा दाखला हाताशी असणे आवश्यक आहे.

२० फेब्रुवारी

समाजकल्याण, आरोग्य आणि वित्त या तिन्ही विभागांसमोर अंतरिम मांडणी केली. आम्ही प्रश्न नव्याने मांडला : लाभार्थी हयात आणि पात्र असल्याची खात्री विभागाला कमीत कमी कष्ट लाभार्थीच्या वाट्याला येऊ देऊन कशी करून घेता येईल?

वित्त विभागाचे अधिकारी सुरुवातीपासून साशंक होते आणि त्यांची शंका रास्त होती. अट शिथिल केल्यावर एकाही मृताच्या नावे रक्कम गेली, तर उत्तर त्यांना द्यावे लागते. पात्र व्यक्ती गळली तर त्याचे उत्तर कोणालाच द्यावे लागत नाही, कारण ती नोंद ‘बंद’ म्हणून मिटलेली असते. दोन चुकांपैकी एकच चूक कागदावर दिसते, त्यामुळे यंत्रणा तिचीच भीती बाळगते. आम्ही हे याच शब्दांत मांडले. त्यानंतरची चर्चा अधिक मोकळी झाली.

मृत्युनोंदणीच्या माहितीशी यादी ताडून पाहण्याचा पर्याय त्यांनीच सुचवला. तो चांगला आहे, पण नावसाधर्म्यामुळे जिवंत माणूस मृत ठरण्याचा धोका त्यात आहे आणि आपण हयात आहोत हे सिद्ध करण्याची वेळ यावी, यासारखी मानहानी नाही. नोंद जुळल्यास केवळ चौकशी सुरू व्हावी, साहाय्य आपोआप थांबू नये, ही अट आम्ही त्याला जोडली आणि ती इतिवृत्तात आली.

२७ फेब्रुवारी

लाभार्थी, संघटनांचे कार्यकर्ते, कारकून आणि मंडळावरील डॉक्टर यांची एकत्रित कार्यशाळा झाली. शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाच्या आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या मधल्या पायऱ्यांवर लोकांचे ऐकून घेतले जाते, पण निर्णयावर त्यांचा हात नसतो. आम्हाला तिथे थांबायचे नव्हते. त्यामुळे कोणत्या कल्पनांचे नमुने तयार करायचे याची निवड लाभार्थींच्या मतांनी व्हावी, हे विभागाकडून आधीच मान्य करून घेतले होते.

निवड आमच्या अपेक्षेपेक्षा वेगळी झाली. मोबाइल अॅपची कल्पना विभागाला प्रिय होती, ती मागे पडली. ‘कायमस्वरूपी’ शेरा असलेल्यांना मंडळातून सूट, तारीख ठळक असलेले पत्र, आणि मंडळाची तारीख पत्रातच छापून पाठवणे या तीन कल्पना पुढे आल्या. तिसरी कल्पना मंडळावरच्या डॉक्टरांची होती. तारखा वाटून दिल्या तर त्यांच्याही दारातली गर्दी ओसरेल, असे त्यांचे म्हणणे होते.

६ मार्च

नव्या पत्राच्या नमुन्यांची चाचणी. पद्धत साधी ठेवली : पत्र हातात द्यायचे, वाचून झाल्यावर काढून घ्यायचे आणि आता आपण काय कराल, केव्हा आणि कुठे, एवढेच विचारायचे. पत्र आवडले का, हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारत नाही, कारण त्याचे उत्तर सौजन्यापोटी होकारार्थीच येते.

पहिल्या नमुन्यात कारवाईची तारीख सर्वांत वर मोठ्या अक्षरांत होती. ती लक्षात राहिली, पण काहींनी तिला पैसे मिळण्याची तारीख समजले. दुसऱ्या नमुन्यात ‘या तारखेपर्यंत अर्ज दिला नाही तर साहाय्य थांबेल’ असे पूर्ण वाक्य घातले. गोंधळ मिटला, पण वाचणाऱ्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली आणि एका गृहस्थांनी पुढचे वाचलेच नाही. तिसऱ्यात ‘आपले साहाय्य सुरू राहण्यासाठी’ अशी सुरुवात करून तारीख, ठिकाण आणि आणायचे कागद दिले, आणि परिणाम खाली स्पष्ट सांगितला. कलमे मागच्या बाजूला गेली. हाच नमुना पुढे नेत आहोत. दृष्टिहीनांसाठी हाच मजकूर फोनवरून ध्वनिमुद्रित संदेश म्हणून जाईल.

१३ मार्च

आज कारकुनांबरोबर टेबलावरच्या कामाची रंगीत तालीम केली. ‘बंद’च्या जागी कारणांची छोटी यादी असलेल्या संगणकाच्या पडद्याचा कागदी नमुना तयार केला होता. आम्ही सुचवलेली यादी त्यांनी जवळजवळ अर्धी केली. कामाच्या गर्दीत लांब यादीतला पहिलाच पर्याय निवडला जातो, हे त्यांचे निरीक्षण कोणत्याही पाठ्यक्रमापेक्षा मोलाचे होते. ‘संपर्क झाला नाही’ हे कारण मात्र त्यांनी स्वतःहून घालून घेतले आणि ते निवडल्यास प्रकरण बंद न होता पर्यवेक्षकाकडे जावे, असे सुचवले. वहीतल्या फोन नंबरांसाठी प्रणालीत ‘पर्यायी संपर्क’ हा रकाना येईल. तो लाभार्थीच्या संमतीनेच भरायचा आहे.

२१ मार्च

विधी शाखेशी चर्चा. प्रमाणपत्राची अट परिपत्रकातली असल्याने मूळ नियमांना हात न लावता ती बदलता येते, हे त्यांनी मान्य केले. मंडळातून सूट कोणाला, याचा मसुदा त्यांनी लिहिला आणि तो आमच्यापेक्षा नेमका आहे : प्रमाणपत्रावर पुनर्तपासणीची तारीख नमूद नसल्यास नवे प्रमाणपत्र मागू नये. हा एका वाक्याचा बदल पत्राच्या साऱ्या मांडणीहून अधिक लोकांचे कष्ट वाचवेल, अशी आमची धारणा आहे.

२८ मार्च

परिणाम कसा मोजायचा ते ठरले. मोजक्या व्यक्तींबरोबरच्या चाचण्या अडथळे शोधायला पुरतात. पण नव्या पत्राने गळती खरोखर घटते का, हे त्यांतून कळत नाही. न्यूयॉर्क शहरात किरकोळ गुन्ह्यांच्या समन्सच्या कागदाची फेररचना केल्यावर न्यायालयात गैरहजर राहणाऱ्यांचे प्रमाण १३ टक्क्यांनी आणि मोबाइल संदेशांनी २१ टक्क्यांनी घटल्याचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे संदेश कोणाला जावेत हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले होते, म्हणून फरक संदेशांमुळेच पडला, असे म्हणता आले. आम्हीही नवे पत्र कोणत्या उपकार्यालयांतून आधी जाईल हे चिठ्ठ्यांनी ठरवण्याचा प्रस्ताव दिला आणि विभागाने तो स्वीकारला.

मंडळातून सूट मात्र चिठ्ठ्यांनी देऊ नये, असे आमच्या गटाचे एकमत झाले. हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी १९७३ मध्येच बजावले होते की सार्वजनिक धोरणात प्रत्येक प्रयोगाचे परिणाम खऱ्या माणसांना भोगावे लागतात. ज्या अटीला आधार नाही असे आपणच दाखवून दिले आहे, ती तुलनेच्या सोयीसाठी निम्म्या लोकांवर ठेवणे आम्हाला मान्य नाही. ती सूट सर्वत्र एकदम लागू व्हावी.

९ एप्रिल

हस्तांतराची बैठक. सत्र संपले की विद्यार्थी पांगतात आणि अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, तेव्हा काम कोणाच्या नावावर राहते, हाच आजचा विषय होता. डेन्मार्क सरकारमध्ये २००२ मध्ये सुरू झालेली ‘माइंडलॅब’ ही जगातल्या आरंभीच्या सरकारी डिझाइन प्रयोगशाळांपैकी एक, पण तीही २०१८ मध्ये बंद झाली. अशा गोष्टी नियमित कार्यासनाच्या कर्तव्यसूचीत शिरल्या तरच टिकतात. म्हणून आम्ही सादरीकरणाऐवजी विभागाच्या नेहमीच्या नमुन्यात टिपणी, सुधारित परिपत्रकाचा मसुदा आणि कारणांच्या यादीसाठी प्रणालीतील बदलाची मागणी असे तीन कागद सोपवले. प्रत्येकावर जबाबदार पदनाम आहे, व्यक्तीचे नाव नाही.

आजची स्थिती अशी. कारणांची यादी प्रणालीत आली आहे. नवे पत्र निवडलेल्या उपकार्यालयांतून पुढच्या नूतनीकरणाला जाईल. मंडळाच्या तारखा पत्रात छापण्याबाबत आरोग्य विभागाने तत्त्वतः होकार दिला असून वेळापत्रक यायचे आहे. मंडळातून सूट देणारे परिपत्रक वित्त विभागाच्या अभिप्रायासाठी थांबले आहे आणि मृत्युनोंदणीशी पडताळणी सुरू झाल्याशिवाय तो अभिप्राय मिळणार नाही. पुढील तुकडीने आपले काम त्या पडताळणीपासून सुरू करावे; जुळलेल्या प्रत्येक नोंदीची चौकशी कोणी, किती दिवसांत आणि लाभार्थीच्या घरी जाऊन करायची की फोनवर, हे अजून ठरायचे आहे.